युस्टुसची शाळा, दादाचा घोडा

क्योनिग्सबर्ग, १४ फेब्रुवारी १८०९

प्रिय दादा,

पत्र न वाचता शेगडीत टाकू नकोस. वरचं अक्षर माझं आहे, आतलंही माझंच आहे, आणि आपला धाकटा युस्टुस शेजारी बसून मजकूर सांगत नाहीये. तो वरच्या खोलीत अंगात जाड कोट घालून येरझाऱ्या घालतोय. तो थांबला की मला काळजी वाटते, म्हणून मी त्या पावलांकडे कान ठेवून लिहितेय.

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला तू भरल्या ताटावरून उठलास, घोडा मागवलास आणि बर्फातून थेट वित्केनेनला निघून गेलास. त्यानंतर तुझी एक ओळ नाही. मी तुला दोष देत नाही. नेपोलियनविरुद्ध आयलाऊच्या लढाईत हाताची दोन बोटं ठेवून आलेल्या माणसासमोर बसून, तोंडात भाजलेल्या बदकाचा घास असताना, "हे युद्ध आपण तोफांमुळे हरलो नाही, आपल्या खेड्यांतल्या शाळांमुळे हरलो," असं म्हणायचं म्हणजे हद्द झाली. मी दुसऱ्या दिवशी युस्टुसला चांगलं झापलं.

"ताई, मी दादाला बोललो नाही," तो म्हणाला.

"मग टेबलाशी दुसरा कोण शिपाई बसला होता? मी?"

त्यावर तो गप्प झाला. आठ-दहा भाषा येणारा माणूस गप्प बसला की किती बरं वाटतं, ते तुला सांगायला नको.

तर बातमी अशी, की राजेसाहेबांनी त्याला शिक्षण खात्याचा प्रमुख केलंय. त्याला नको होतं. त्याला रोमला परत जायचं होतं. तिथलं राजाचा वकील म्हणून मिळालेलं ते घर, ती संत्र्याची झाडं, जुन्या दगडांवरची अक्षरं वाचत घालवलेल्या सकाळी. इथे आल्यापासून त्याचा अपोलो देवाचा प्लास्टरचा पुतळा आमच्या ओसरीत उभा आहे आणि मोलकरीण त्याच्या डोक्यावर आपली टोपी अडकवते. दोन आठवडे तो नाही म्हणत होता. मग एके दिवशी घरी येऊन म्हणाला, "ताई, मी हो म्हटलं." मी विचारलं, का? तर म्हणाला, "आज एका खेड्यातली शाळा पाहिली. मास्तर मुलांना छडी मारत होता, आणि मुलं इतकी सवयीनं हात पुढे करत होती, की मला पुढे बघवेना."

आपल्या वित्केनेनची शाळा तरी काय वेगळी आहे, दादा? क्रूझे शिंपी विजारी शिवत शिवत धर्माचे पाठ म्हणून घेतो. मुलांना येतं काय, तर सुईत दोरा ओवता येतो.

आता ही पावलं थांबली. बघून येते.

तुझी,
ओटिली


क्योनिग्सबर्ग, २ मे १८०९

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे मला नाही, खात्याला; नव्या शाळेसाठी खात्यानं तुला लिहिलं होतं त्याचं. युस्टुसच्या चिटणिसानं ते मोठ्यांदा वाचलं: "वित्केनेनच्या जमिनीवर नवी शाळा होणार नाही, नवा मास्तर ठेवला जाणार नाही, आणि खात्याच्या प्रमुखांनी आपलं अर्धवट ज्ञान इटलीत पाजळावं." सही: कोनराड फोन वाल्डेनरोड, गावचा मालक. चिटणिसाच्या कपाळावर घाम आला. युस्टुस मात्र हसला. म्हणाला, "दादाचं जर्मन सुधारलंय. पूर्वी एवढं लांब वाक्य त्याला संपवता येत नसे."

हे मी मुद्दाम सांगतेय. तुला राग येऊ दे, पण तो हसला हेही कळू दे.

चिटणिसाचं म्हणणं होतं की राजाचा हुकूम आणावा. नवा कायदा युस्टुसच्या बाजूनं आहे. एक सही झाली की तुला शाळा बांधावीच लागली असती. इन्स्टरबर्गकडचे सगळे जमीनदार तुझ्या तोंडाकडे बघतात, तू वाकलास की ते वाकतील, असं त्याचं गणित. युस्टुस म्हणाला, "हुकमानं भिंती उभ्या राहतील. पण मालक रोज समोरून थुंकून जातोय हे बघून कोणती आई पोराला आत पाठवेल? नको. दादानं स्वतः हो म्हटलं तर ती शाळा." दालनात कुणीतरी म्हणालं, मग ती शाळा जगाच्या अंताला, न्यायाच्या दिवशीच होईल. मंत्रीसाहेबांनीही स्पष्ट सांगितलंय: नोव्हेंबरात जमीनदारांची सभा भरेल, त्यांनी एकमुखानं नकार दिला तर युस्टुसची सगळी योजना बासनात गुंडाळायची. नुसती तुझ्या गावची नाही. सगळ्या प्रांताची.

तरीही तो ऐकत नाही. हट्ट आपल्या घरात कुणाकडून आला, यावर मी काही बोलत नाही.

आता दुसरी बातमी, ती तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. पाद्री नाउयोक्सांनी आपली सफरचंदं साठवायची खोली मोकळी करून दिलीय. ती चर्चच्या जमिनीवर आहे, तुझ्या नाही. एमिल राउटेनबर्ग नावाचा मास्तर पुढल्या आठवड्यात तिथे येतोय. स्वित्झर्लंडला जाऊन नवी रीत शिकून आलाय: आधी वस्तू दाखवायची, मग तिचं नाव, आधी मुलानं बोलायचं, मग मास्तरनं. छडी नाही. दिसायला अगदी काडी आहे, वाऱ्यानं उडेल. तू त्याच्यावर कुत्री सोडू नयेस एवढीच विनंती.

तुझी,
ओटिली


क्योनिग्सबर्ग, २४ जून १८०९

प्रिय दादा,

तू काही कळवत नाहीस. पण देवानं जगात पाद्र्यांच्या बायका निर्माण केल्यात, त्या कळवतात. डोरोथेआ नाउयोक्सचं पत्र कालच आलं आणि मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा खुर्चीला धरून.

ती लिहिते की तू आधी जाहीर केलंस, माझ्या शेतावरचं एक पोर त्या खोलीत दिसता कामा नये. मग कोण कोण जातंय ते बघायला तू रोज सकाळी तपकिरी घोड्यावरून पाद्रींच्या बागेपर्यंत जायला लागलास. खिडकीबाहेर घोडा थांबवायचा, मान आत घालायची, बघायचं आणि निघायचं. मुलं तुला भ्याली. बायका भ्याल्या नाहीत. त्यांनी मुलं मागच्या कुंपणातून पाठवली.

मास्तरची मात्र कीव येत होती, असं डोरोथेआ म्हणते. तो रोज काहीतरी घेऊन यायचा. मेंढीची लोकर, जळती मेणबत्ती, घोड्याचा दात. समोर धरायचा आणि जर्मनमध्ये गोड आवाजात विचारायचा, "मुलांनो, हे काय आहे?" आणि मुलं दगडासारखी बसायची. लिथुआनियन शेतकऱ्यांची पोरं ती. जर्मन त्यांनी ऐकलेलं ते फक्त कारभाऱ्याच्या तोंडून, तेही शिव्यांसकट. मास्तरला लिथुआनियनचा एक शब्द येत नाही. तो बिचारा संध्याकाळी पाद्रीणबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणायचा, "मुलं माठ नाहीत. मलाच काहीतरी जमत नाहीये." आणि वाटाण्याचं सूप न संपवता उठायचा.

मग तो मधाचा दिवस. मास्तरनं वाडगाभर मध आणला होता. प्रत्येकाच्या बोटाला लावला, चाटायला लावलं. मुलांचे डोळे चमकले. "हे काय आहे?" शांतता. "गोड आहे ना? काय म्हणतात याला?" शांतता. आणि खिडकीतून तुझा आवाज, परेड मैदानावरचा:

"अरे, मेदुस म्हणा की. मेदुस. खाताना तोंड उघडतं, सांगताना काय कुलूप लागतं?"

डोरोथेआ म्हणते, सगळी तोंडं खिडकीकडे वळली. मग पुढच्या बाकावरची मादलिने नावाची चिमुरडी, आपल्या ऊर्टे दाईची नात, उभी राहिली आणि म्हणाली, "मेदुस. पण मालक, तुम्ही चुकीचं म्हणताय. तुमचा मे लांबतो."

आणि सगळा वर्ग हसला. दादा, तू पण हसलास. हे डोरोथेआनं अधोरेखित केलंय.

मास्तर धीट निघाला. त्यानं मेणबत्ती उचलली आणि तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "उग्निस." मुलं ओरडली, "उग्निस." दात. "दांतिस." मेंढीची लोकर. त्यावर तू म्हणे मास्तरला म्हणालास, "लोकरीचं नाव त्यांना विचारा, मी काय मेंढपाळ आहे?" आणि मुलांनी लोकरीचं, मेंढीचं, मेंढीच्या पिल्लाचं, मेंढीच्या रोगाचंसुद्धा नाव सांगितलं. मास्तर फळ्यावर एकीकडे त्यांचा शब्द लिहितोय, दुसरीकडे जर्मन शब्द, आणि त्याचा खडू मोडतोय.

आपल्या ऊर्टे दाईनं तुला अंगाखांद्यावर वाढवलं, तुझा पहिला शब्द तिच्या भाषेतला होता, हे मी विसरूनच गेले होते. तू मात्र काही विसरला नव्हतास.

युस्टुसला पत्र वाचून दाखवलं. तो शब्दांपाशी अडला. "परत वाच. उग्निस? दांतिस? मेदुस?" आणि पुस्तकांच्या ढिगात शिरला. पूर्वेकडच्या कुठल्याशा फार जुन्या भाषेवरचं एक पुस्तक त्यानं पॅरिसहून मागवलंय; त्यात आगीला, दाताला, मधाला जवळजवळ हेच शब्द आहेत म्हणे. जेवण राहिलं बाजूला. "ताई, मी ग्रीकच्या मागे रोमपर्यंत गेलो, आणि हे आपल्या घराच्या मागच्या अंगणात बोलत होते." एवढा आनंदी मी त्याला इथे आल्यापासून पाहिला नव्हता. पण तुला पत्र लिही म्हटलं तर पेन खाली ठेवलं. "तो फोडणार नाही," म्हणाला.

फोडशील का?

ओटिली


क्योनिग्सबर्ग, ९ ऑक्टोबर १८०९

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं, पण मला आलं, खात्याला नाही. मी ते आरशाच्या चौकटीत खोचलंय.

"तुमच्या मास्तरचे उच्चार भयंकर आहेत. सफरचंदांच्या खोलीला शेगडी नाही, त्यामुळे मी ती आणि लाकडं पाठवली. याचा अर्थ मी काही कबूल केलं असा नाही. खिडकी छोटी आहे, घोड्यावरून वाकून माझी मान धरते."

मी युस्टुसला म्हटलं, हे वाच, यात कुठे नकार आहे ते दाखव. त्यानं ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मानेला मोहरीचा लेप लावायला सांग." एवढंच. पण मग त्या दिवशी खाली येऊन त्यानं पियानो वाजवला, आणि तो किती वाईट वाजवतो हे तुला ठाऊक आहे.

दादा, आता मी गंभीरपणे लिहिते. सभा जवळ आली. त्याच्या विरोधातली मंडळी इथे उघड बोलायला लागलीत. शेतमजुराच्या पोराला लिहिता आलं तर उद्या तो करारावर अंगठा उठवायच्या आधी करार वाचेल, हीच त्यांची भीती, आणि ती ते धर्माच्या भाषेत सांगतात. चिटणीस अजून हुकमाचा मसुदा खिशात घेऊन फिरतो. काल मंत्र्यांच्या घरी युस्टुसला एकानं सरळ विचारलं, "तुमचा स्वतःचा भाऊ तुमच्या बाजूनं नाही, आम्ही कसे असू?" तो म्हणाला, "माझा भाऊ माझ्या बाजूनं नसेल. मी त्याच्या बाजूनं आहे." लोक हसले. मला हसू आलं नाही.

मला माहीत आहे, तुझं भांडण शाळेशी नाही. ते कशाशी आहे ते मी विचारणार नाही. तू त्याच्यासाठी बोल असंही म्हणत नाही. तू फक्त सभेत गप्प बस. तू गप्प बसलास तरी अर्धे लोक गोंधळतील.

तुझी,
ओटिली


क्योनिग्सबर्ग, २१ नोव्हेंबर १८०९

प्रिय, अत्यंत बेभरवशाच्या दादा,

तुला गप्प बस म्हटलं होतं.

इन्स्टरबर्गच्या सभेत तू काय बोललास ते मला तिघांकडून कळलं आणि तिघांचं सांगणं वेगळं. तेव्हा मी जे जुळवलंय ते लिहिते, चुकलं तर सांग.

सगळ्यांची नकाराची भाषणं झाली होती. अध्यक्षांनी तुझ्याकडे बघितलं, तू शेवटचा खिळा ठोकणार म्हणून. तू उठलास. बोटं नसलेला हात टेबलावर ठेवलास. म्हणालास, "माझ्या भावानं माझ्याच ताटाशी बसून सांगितलं, की आपण युद्ध शाळांमुळे हरलो. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. अजून बोलत नाही. पण आयलाऊला माझ्या तुकडीत आपल्या भागातले गडी होते. समोरून घोडदळ आलं. मी जर्मनमध्ये ओरडलो, डावीकडे वळा. त्या धुरात, त्या बर्फात ते नुसते उभे राहिले. त्यांना आम्ही पाठ करून घेतलेले हुकूम येत होते. हा त्यांत नव्हता. मग मी त्यांच्या भाषेत ओरडलो. ते वळले. जे वळले ते आज शेतावर आहेत. जे ऐकू येण्याआधी पडले, त्यांच्या आयांना मी काय सांगू, की तुमची पोरं माठ होती? ती माठ नव्हती. त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं."

मग तुझा शेजारी, तो जाडा, म्हणाला, "म्हणजे आता तुम्ही मुलांना लिथुआनियन शिकवणार, कर्नल?"

आणि तू म्हणालास, "ती मलाच शिकवतायत. माझा मे लांबतो."

इथे एकजण म्हणतो सभा हसली, एकजण म्हणतो सभा गप्प झाली. काहीही असो, मतं पडली आणि योजना थोडक्यात पास झाली.

बातमी आली तेव्हा युस्टुस दाढी करत होता. चिटणीस धावत आला, सांगून टाकलं. युस्टुसनं अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ओसरीत जाऊन अपोलोच्या डोक्यावरची मोलकरणीची टोपी काढली, तिच्या डोक्यावर घातली आणि तिला घेऊन एक फेरी नाचला. ती अजून लाजतेय. मग बाजूला जाऊन उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अजून बोलत नाही, असं म्हणाला ना तो?"

"अजून, असं म्हणाला," मी म्हटलं. "त्या अजूनवर लक्ष दे."

ओटिली


बर्लिन, ३० एप्रिल १८१०

प्रिय दादा,

दरबार बर्लिनला परतला तसे आम्हीही इथे आलो. घाईत लिहितेय.

युस्टुसनं राजीनामा दिला. खात्याच्या प्रमुखाला मंत्र्यांच्या बरोबरीनं राजाशी बोलता येईल, असं वचन होतं, ते पाळलं गेलं नाही. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून पोचवायचं असेल तर ते बिघडतं, असं म्हणून त्यानं किल्ल्या ठेवल्या. काम बुडालेलं नाही. शिक्षकांची पहिली शाळा उघडली, तरुण मुलं नवी रीत शिकायला स्वित्झर्लंडला गेलीत, इथे विद्यापीठाच्या खोल्यांसाठी मापं घेतायत. त्याच्यामागे आलेला माणूस चांगला आहे. शरद ऋतूत युस्टुसला व्हिएन्नाला राजाचा वकील म्हणून पाठवतील, तेही नक्की झालंय.

लोकांसमोर तो विनोद करतो. घरी बसून राहतो. लावलेलं झाड दुसऱ्याच्या हाती देऊन निघायचं, याचं त्याला वाईट वाटतंय, आणि ते तो मान्य करत नाही.

म्हणून मी त्याला तुझ्याकडे येणाऱ्या गाडीत बसवलंय. त्याला सांगितलं की तू बोलावलंयस. तुला हे पत्र मिळेल तेव्हा तो बहुधा पोचलेला असेल. तुम्ही दोघं मिळून माझ्यावर रागवा. तेवढं तरी एकत्र कराल. माझा पाय मुरगळलाय, नाहीतर बघायला आले असते.

ओटिली


वित्केनेन, १७ जून १८१०

प्रिय ओटिली,

उशीर झाला. कारण हे पत्र मी आधी लिहिलं, मग मास्तरनं त्यातल्या चुका लाल शाईनं काढल्या, मग मी रागावून फाडलं. हे दुसरं. यातल्या चुका राहू देत.

तुझं पत्र तो पोचल्यावर मागून आलं असतं तर मी तुला चांगलं सुनावलं असतं. पण ते त्याच्याच गाडीतून आलं, टपालवाल्यानं दोघांना एकदम उतरवलं. मी तेव्हा शिडीवर होतो. नवी शाळा बांधतोय, शेतातले दगड वापरून. पाद्रींची सफरचंदं किती दिवस बाहेर ठेवायची? छताचा वासा बसत नव्हता. खाली बघतो तर धुळीनं भरलेला युस्टुस उभा, हातात टोपी. केस पांढरे झालेत त्याचे. तू लिहिलं नव्हतंस.

मी वासा धरून ठेवला. तो शिडीपाशी आला. मग म्हणाला, "दादा, शिडी धरू?"

"धर," मी म्हटलं. "पण हलवू नकोस. लहानपणापासून तुझ्या हातात काही दिलं की हलतं."

त्यानं दुपारपर्यंत धरली. वासा बसला. जेवताना तो सुरुवात करायला लागला, "आयलाऊचं त्या दिवशी मी..." मी म्हटलं, "सूप गार होतंय." त्यानं सूप खाल्लं. तेवढ्यानं माझं झालं. त्याचंही झालं असावं, कारण त्यानं परत मागून घेतलं.

तो आठवडा राहणार होता, महिना झाला. सकाळी उठून ऊर्टेच्या घरी जातो. म्हातारीला ऐकू कमी येतं, हा शब्द ओरडून विचारतो, ती दुसऱ्याच शब्दाचं उत्तर ओरडून देते, हा तोही लिहून घेतो. सगळं गाव कुंपणाशी उभं राहून ऐकतं. कारभारी मला म्हणाला, "मालक, आपले धाकटे साहेब राजाकडे काम करत होते ना? मग असे कसे?" मी म्हटलं, "ते आधीपासूनच असे आहेत."

राजीनाम्याचं दुःख मी विचारलं नाही. पण एकदा नदीकाठी, करकोच्यांना बघत बसलो असताना तो स्वतःच म्हणाला, की कचेरीत बसून त्यानं हजार मुलांविषयी लिहिलं आणि एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं. इथल्या सगळ्यांची नावं आता त्याला येतात. त्यांच्या शेळ्यांचीही.

तू विचारणार नाही म्हणालीस, तरी सांगतो, माझं भांडण कशाशी होतं. मी अकरा वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं, थोरला पलटणीत, धाकटा पुस्तकांत. मला कॅडेटांच्या शाळेत घातलं. पहिल्या सुट्टीत घरी आलो तर वरच्या खोलीतून युस्टुसचा आवाज येत होता. तो ग्रीक म्हणत होता. शिक्षक काहीतरी बोलला आणि तो हसला. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. मला वाटायचं, मी त्याच्यावर जळत होतो. आता साठीकडे झुकल्यावर, त्या खिडकीबाहेर रोज मान अवघडून घेतल्यावर कळलं, मला फक्त आत यायचं होतं.

हे मी त्याला सांगितलं. जाड पडद्यांमागे पुस्तकांत वाढलेला माणूस तो, लगेच डोळे पुसायला लागला. मग दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आला आणि ग्रीक अक्षरं काढली. मी गिरवली. उरलेल्या बोटांत पेन्सिल नीट बसत नाही, पण आल्फा चांगला येतो. बीटा पोट काढून बसतो, माझ्या त्या जाड्या शेजाऱ्यासारखा. रोज थोडं करतो. घाई कशाला?

काल नव्या शाळेत पहिला दिवस भरला. सगळं गाव आलं. पाद्रींनी प्रार्थना केली, डोरोथेआबाईंनी मनुका घातलेला केक केला. मास्तर मला म्हणाला, "कर्नल, परीक्षा घ्या." मी म्हटलं, मुलांची नको. ज्यानं हे सगळं सुरू केलं त्याची घ्या. आणि युस्टुसला पुढच्या बाकावर बसवलं, मादलिनेच्या शेजारी. बाक ठेंगणा, त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. मुलांना एवढी मजा आली की मीही जाऊन त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो. बाक करकरला. टिकला.

परीक्षक मादलिने. ती उभी राहिली, हात मागे बांधून, अगदी मास्तरसारखी. खिडकीकडे बोट दाखवलं, तिच्या भाषेतला शब्द त्याला आला. चूल, पाव, मध, आग, सगळं आलं. ऊर्टेनं शिकवलंय म्हणून तो जरा ऐटीतच होता. मग पोरीनं माझ्याकडे बोट केलं.

"हे कोण?"

"मालक," तो म्हणाला. पोनास. बरोबर म्हणाला.

"आमचे मालक," ती म्हणाली. "तुमचे कोण?"

आणि आपला युस्टुस अडला. रोममध्ये राजांशी बोललेला माणूस. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ऊर्टेकडे बघितलं. तिला ऐकूच आलं नव्हतं. भावाला काय म्हणतात ते मला येत होतं, पण मी सांगितलं नाही. सगळा वर्ग ओठ दाबून बसला होता.

"ब्रोलिस," मादलिने म्हणाली. "म्हणा."

त्यानं म्हटलं. नीट नाही म्हटलं. त्याचा र अजून फ्रेंच सरदारांसारखा घशातून येतो. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा म्हणताना त्यानं तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हटलं, आणि तिनं पास केलं.

तुझा,
कोनराड